विश्लेषण : साठीनंतर मनगटावर किती मोठे घड्याळ शोभते?

निवृत्तीचे पैसे हाती आले की अनेक जण आयुष्यभर लांबवलेली एक खरेदी करतात, ती म्हणजे महागडे स्विस घड्याळ. काही घरांत साठीशांतीला मुलेच ते भेट देतात. पण लाखो रुपयांचे हे घड्याळ चार-सहा वेळा घातल्यावर कपाटातल्या लॉकरमध्ये जाऊन बसते, असेही घडते. जड वाटते, मनगटावर फिरते, चष्म्याशिवाय वेळ दिसत नाही, ही त्यामागची कारणे. यातली बहुतेक कारणे ब्रँडशी नव्हे, तर आकाराशी निगडित असतात.

घड्याळे एवढी मोठी कधी झाली?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुरुषांचे घड्याळ आजच्या मानाने लहानच होते. पाटेक फिलिपचे १९३२ मधील ‘कॅलट्राव्हा’ जेमतेम ३१ मिमी व्यासाचे होते. रोलेक्सचे ‘डेटजस्ट’ (१९४५) आणि ‘डे-डेट’ (१९५६) ही तेव्हाची मानाची घड्याळे ३६ मिमीची. आपल्याकडे असंख्य घरांत वापरले गेलेले एचएमटीचे ‘जनता’ही सुमारे ३५ मिमीचेच होते. ४७ मिमीची पानेराई घड्याळे होती, पण ती इटलीच्या नौदलातील पाणबुड्यांसाठी, अंधाऱ्या पाण्यात वेळ दिसावी म्हणून बनवलेली. ऑडमार पिगेने १९९३ मध्ये ४२ मिमीचे ‘रॉयल ओक ऑफशोअर’ आणले तेव्हा ते अवाढव्य वाटले. पुढच्या दोन दशकांत मात्र ४२ ते ४४ मिमी हा आकार नेहमीचा झाला.

आता लाट उलटली आहे का?

काही प्रमाणात. रोलेक्सचे ‘एक्सप्लोरर’ हे त्याचे ठळक उदाहरण. १९५३ पासूनची ओळख असलेले हे घड्याळ दीर्घकाळ ३६ मिमीचे होते. २०१० मध्ये ते ३९ मिमी झाले आणि २०२१ मध्ये पुन्हा ३६ मिमीवर आले. २०२३ मध्ये त्याच्या जोडीला ४० मिमीचा पर्यायही आला. थोडक्यात, ज्येष्ठांनी लहान आकार निवडला तर तो ‘जुनाट’ ठरण्याचे दिवस राहिलेले नाहीत आणि एकच मॉडेल दोन-तीन आकारांत मिळू लागले आहे.

वयानुसार नेमके काय बदलते?

वय वाढते तशी त्वचा पातळ होते आणि त्वचेखालची चरबी व स्नायू घटतात. मनगट अधिक हाडकुळे दिसते, त्यावर जड घड्याळ घसरते आणि हाडावर आपटते. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील तर अशा किरकोळ दाबानेही काळे-निळे डाग पडू शकतात. अंगठ्याच्या सांध्याचा संधिवात असेल तर छोटी चावी बाहेर ओढणे किंवा घट्ट बकल उघडणे त्रासाचे होते. चाळिशीत लागलेला चष्मा तर सोबत असतोच. मोतीबिंदू असेल तर मंद प्रकाशात फिकट रंगांतला फरकही कळेनासा होतो.

मग मोठी तबकडीच बरी नाही का?

हा सर्वांत मोठा गैरसमज. वेळ दिसते ती काटे आणि तबकडी यांच्या रंगांतील फरकामुळे. चंदेरी तबकडीवर चंदेरी काटे असतील तर ४४ मिमीचे घड्याळही वाचता येत नाही. पांढऱ्या तबकडीवर गडद, लांब काटे असतील तर ३६ मिमी पुरते. क्रोनोग्राफमधील तीन छोट्या तबकड्या दिसायला देखण्या, पण गर्दी करतात. तारखेचे आकडे बारीक असतात. तिथे रोलेक्सच्या काचेवरचे, तारीख अडीच पट मोठी दाखवणारे भिंग उपयोगी पडते. तारीख नको असेल तर बिनतारखेचे घड्याळ घ्यावे. त्याची तबकडी मोकळी असते.

व्यास पाहून अंदाज येतो का?

अर्धाच. एक म्हणजे ३६ आणि ४२ मिमीत फरक सहा मिलिमीटरचा वाटला, तरी वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच मनगटावर हा फरक एकदम जाणवतो. दुसरे म्हणजे पट्टा जिथे जोडला जातो, त्या केसच्या वरच्या आणि खालच्या टोकांमधील अंतर. दुकानात त्याला ‘लग-टू-लग’ म्हणतात. व्यास सारखाच असलेल्या दोन घड्याळांतही हे अंतर वेगळे असते. घरी मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी पट्टीने मोजावी. लग-टू-लग त्याहून जास्त असेल तर टोके मनगटाबाहेर लोंबतात आणि घड्याळ उसने आणल्यासारखे दिसते. कार्टियेच्या ‘टँक’सारख्या चौकोनी घड्याळाला तर व्यासच नसतो. तिथे लांबी-रुंदीच पाहावी लागते.

वजनाचे गणित काय?

त्याच मापाची केस १८ कॅरेट सोन्यात केली तर ती स्टीलच्या जवळपास दुप्पट जड होते. टायटॅनियममध्ये मात्र वजन स्टीलच्या निम्म्याहून थोडेच जास्त भरते. सोने हवेच असेल तर लहान, पातळ केस आणि चामड्याचा पट्टा घेऊन वजन आटोक्यात ठेवता येते. जाडी दहा मिमीच्या आसपास असेल तर घड्याळ शर्टाच्या बाहीत सहज सरकते.

महिलांसाठी सल्ला उलटा का?

‘लेडीज’ म्हणून विकली जाणारी अनेक घड्याळे २६ ते २८ मिमीची आणि खडे जडवलेली असतात. पन्नाशीनंतर त्यांचे काटे दिसणे अवघड होते. त्यामुळे पुरुषांना एक माप खाली येणे सोयीचे, तर महिलांना एक माप वर जाणे. ३१ ते ३६ मिमीच्या पट्ट्यात दोघांनाही भरपूर पर्याय आहेत.

दुकानात काय तपासावे?

शक्यतो संध्याकाळी जावे. उकाड्यात आणि दिवसअखेरीस हात किंचित सुजलेला असतो. घड्याळ किमान पंधरा मिनिटे हातात राहू द्यावे. चष्मा काढून, दिव्यांपासून दूरच्या कोपऱ्यात वेळ वाचून पाहावी. मनगट मागे वाकवल्यावर चावी हाताला टोचते का ते पाहावे. बकल एका हाताने, कुणाच्या मदतीशिवाय उघडावे. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत घड्याळ आहे त्याहून मोठे दिसते, म्हणून निर्णय आरशासमोर उभे राहून घ्यावा. चेनचे घड्याळ असेल तर बकलमध्येच थोडी सैल-घट्ट करण्याची सोय आहे का, हे विचारावे. रोलेक्सच्या काही चेनमध्ये अशी पाच मिमीची सोय असते. काढलेल्या कड्या दुकानात न सोडता जपून ठेवाव्यात. पुढे मनगट भरले किंवा घड्याळ विकायचे झाले तर त्या लागतात.

भेट द्यायची असेल तर?

आश्चर्याचा धक्का देण्याचा मोह टाळावा. कड्या काढलेले, वापरलेले घड्याळ दुकानदार परत घेईलच असे नाही. आई-वडिलांना सोबत नेणे उत्तम. ते जमत नसेल तर ते रोज वापरतात त्या जुन्या घड्याळाचा व्यास, लग-टू-लग आणि जाडी मोजून न्यावी. वर्षानुवर्षे ज्या मापाची मनगटाला सवय झाली आहे, त्याच्या एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे राहिले की घड्याळ लॉकरमध्ये न जाता हातात राहण्याची शक्यता खूप वाढते.