दुखरी पाठ आणि पाण्यावरची फळी

"वाकू नकोस, उचलू नकोस, धावू नकोस." दीड वर्ष आईचा रोज रात्रीचा फोन या तीन वाक्यांनी संपायचा. कारणही तसंच होतं. सेकंड इयरला वर्कशॉपमध्ये एक जुना गिअरबॉक्स जमिनीवरून टेबलावर ठेवायचा होता. मामा म्हणाले होते, "थांबा, दोघं मिळून उचला." पण आपण कसले थांबतोय! कमरेत वाकलो, झटक्यात उचलला आणि पाठीत 'कट्' झालं. पुढचे चार दिवस कॉटवर आडवा. मेसचा डबा रूममेट आणायचा. एमआरआयमध्ये निघालं की कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखालची चकती थोडी फुगून मागे सरकली आहे. ऑपरेशनची गरज नव्हती. पण मी स्वतःच स्वतःला रिटायर करून टाकलं. क्रिकेट बंद, ट्रेक बंद, गॅदरिंगचं स्टेज बांधणं बंद. हॉस्टेलवर नाव पडलं 'आजोबा'.

तर मंडळी, या आजोबांनी गेल्या डिसेंबरात पाण्यावरच्या फळीवर उभं राहून वल्हं मारलं! पाठ दुखली, नाही असं नाही. पण ती पाण्यामुळे नाही, किनाऱ्यावर केलेल्या एका मूर्खपणामुळे. ते पुढे सांगतोच. आपल्या हॉस्टेलमध्ये आणि स्टाफमध्ये कंबर धरून चालणारे किती आहेत हे मला स्वतःची कंबर गेल्यावर कळलं. हा लेख त्यांच्यासाठी.

हा प्रकार आहे तरी काय?

स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणजे साधारण १०-११ फूट लांब, अडीच-पावणेतीन फूट रुंद फळीवर उभं राहायचं आणि एका लांब वल्ह्याने ती पुढे न्यायची. शिकाऊ लोकांना बहुतेक वेळा हवा भरायची फळी देतात. हा प्रकार आजच्या रूपात आला हवाई बेटांवरून. वायकीकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना सर्फिंग शिकवणारी मंडळी विसाव्या शतकाच्या मध्यातच फळीवर उभी राहून वल्हं मारायची. २००० सालाच्या आसपास लेअर्ड हॅमिल्टनसारख्या नामवंत सर्फरनी ते उचललं आणि जगभर पसरलं.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. वायकीकीच्या बॉबी आचॉय या माणसाबद्दल असं सांगितलं जातं, की मोटार अपघातानंतर त्याला गुडघ्यावर बसता येईना आणि पोहताही येईना. मग तो उभ्यानेच वल्हं मारत लाटांपर्यंत जाऊ लागला. म्हणजे या खेळाच्या मुळाशी एक मोडका माणूसही आहे. आपल्याला दुसरं काय पाहिजे?

कणा म्हणजे क्रेन

आता थोडं अप्लाइड मेकॅनिक्स. घाबरू नका, फर्स्ट इयरचंच आहे. कमरेच्या वरच्या शरीराचं वजन धरा ३५० न्यूटन. ४५ अंशात पुढे वाकलं की त्याचा गुरुत्वमध्य चकतीपासून आडवा अंदाजे २० सेंटीमीटर पुढे जातो. हे वजन तोलणारे पाठीचे स्नायू मात्र चकतीच्या जेमतेम ५ सेंटीमीटर मागे. मोमेंट बरोबर ठेवायचं तर ३५० × २० ÷ ५, म्हणजे १४०० न्यूटन! हातात काहीही न घेता, नुसतं वाकून, स्नायू १४० किलोच्या आसपास ओढ देतात आणि ती सगळी चकतीवर दाबून बसते. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.

हे प्रत्यक्ष मोजलेलंही आहे. १९९९ साली जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांनी एका माणसाच्या चकतीत सेन्सर बसवून दाब प्रसिद्ध केला. आडवं पडल्यावर ०.१ मेगापास्कल. सैल उभं असताना ०.५. पुढे वाकून उभं असताना १.१. आणि २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना २.३, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ दहापट! तेच वजन गुडघे वाकवून उचललं तर १.७.

यातून मला दोन गोष्टी कळल्या. एक, उभं राहणं हा पाठीचा शत्रू नाही. गोल पाठीने वाकणं आणि त्यात झटका देणं हा शत्रू आहे. दोन, माझा गिअरबॉक्स २० किलोपेक्षा नक्कीच जड होता.

फळीवर जाण्याआधी

कोणी उद्या उठून पाण्यात जाऊ नये. मी आधी तीन महिने तयारी केली, तीही फिजिओथेरपिस्टला विचारून. रोज चालणं आणि तीन व्यायाम. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे माजी प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी प्रसिद्ध केलेलं हे त्रिकूट आहे : पाठीवर झोपून डोकं-खांदे जरासे उचलणं, कुशीवर कोपर टेकून कंबर उचलून धरणं, आणि चार पायांवर ओणवं होऊन उजवा हात व डावा पाय (मग उलट) सरळ ताणणं. प्रत्येक वेळी फार तर १० सेकंद, पण पुन्हा पुन्हा. कॉटवर नाही, जमिनीवर सतरंजी घालून. विंगमधली पोरं पहिले आठ दिवस हसली. नवव्या दिवशी दोघं सतरंजी घेऊन आली!

पाण्यावर

रूममेटचं गाव देवबागजवळ, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या बाजूला. त्याचा चुलतभाऊ पर्यटकांना फळीवर नेतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. दादाला मी आधीच पाठीचं सांगितलं. त्याने सगळ्यात रुंद फळी काढली. का? तर फळीची पाण्यावरची स्थिरता रुंदीच्या घनावर अवलंबून असते (लांबी × रुंदीचा घन ÷ १२, आठवतंय ना?). ३० इंचाऐवजी ३४ इंच घेतली तर हा आकडा सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो. फक्त चार इंचांत! दादाने हे सूत्र कधी वाचलं नसेल, पण फळी बरोबर निवडली.

वेळ सकाळची, कारण तेव्हा पाणी शांत असतं. पण इथे शाळेतला भूगोल विसरू नका. दुपारी खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे येतात, तर रात्री आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. उभा माणूस म्हणजे शिडच! शांत वाटणारा मतलई वाराही नवख्याला आत ढकलत नेऊ शकतो. म्हणून आम्ही समुद्रात गेलो नाही, खाडीच्या आडोशाला राहिलो, आणि भरती-ओहोटी दादाने बघितली. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात. पावसाळ्यात हा विचारही करू नये.

पाठवाल्यांसाठी सकाळची आणखी एक भानगड आहे. रात्रभर आडवं राहून चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर आपली उंची एखाद-दोन सेंटीमीटरने जास्त भरते ती यामुळेच. अशा फुगलेल्या चकतीला वाकणं जास्त जाचतं. म्हणून उठल्या उठल्या नाही, तासभर इकडे तिकडे चालून मग फळीवर.

सुरुवात गुडघ्यावर बसून. गुरुत्वमध्य खाली, डुलणं कमी. पाच-दहा मिनिटं तसंच वल्हं मारलं. मग एकेक पाऊल मधल्या हँडलच्या दोन्ही बाजूंना ठेवून उभा राहिलो. पाय खांद्याइतके लांब, गुडघे सैल. आणि मी काय केलं? दीड वर्षाच्या सवयीने पाठ लाकडासारखी ताठ केली आणि पायाकडे बघत बसलो. दादा ओरडला, "खाली बघू नको रे! खाली बघलंस तर खालीच जातलस!" वाक्य संपेपर्यंत मी पाण्यात.

पण पडणं हाच माझा सगळ्यात मोठा धडा ठरला. ज्या गोष्टीची दीड वर्ष भीती बाळगली ती झाली, आणि काही झालं नाही. खोल पाण्यात, फळीपासून बाजूला, अंग पसरून पडलं तर पाणी झेलतं. उलट पडू नये म्हणून हवेत केलेली वेडीवाकडी कसरतच पाठीला हिसका देते. दुसऱ्यांदा उभा राहिलो तेव्हा समोर माडांच्या रांगेकडे बघितलं, गुडघे सैल सोडले आणि फळी आपोआप शांत झाली. ताठ माणूस पडतो, सैल माणूस तरतो. हे पाठीलाही लागू आहे.

वल्हं कसं मारायचं? वल्हं आपल्या उंचीपेक्षा आठ-दहा इंच जास्त लांब घ्यावं. आखूड वल्हं म्हणजे सक्तीचं वाकणं. पात्याचा कोन पुढच्या बाजूला. सगळे नवखे ते उलटं धरतात, मीही धरलं. पातं पूर्ण बुडल्यावरच ओढायचं, आणि पावलांपाशी आलं की बाहेर काढायचं. त्यामागे ओढत नेलं तर फळी पुढे जात नाही, फक्त कंबर पिरगळते. पुढे झुकायचं ते खुब्यातून, पाठ गोल न करता. थोडा वेळ डावीकडे, थोडा वेळ उजवीकडे. पहिल्या दिवशी एकूण २० मिनिटं. अजून कर म्हणणाऱ्या मनाला 'उद्या' सांगायचं.

आणि तो मूर्खपणा

बाहेर आलो तो हवेत तरंगतच. दुसऱ्या फळीत हवा भरायची होती. "दादा, मी भरतो!" हातपंप, फळीला लागतात १२ ते १५ पीएसआय. शेवटचे चार-पाच पीएसआय म्हणजे प्रत्येक दाबाला अख्खं अंग झोकून द्यायचं, तेही कमरेत वाकून, शंभर-दीडशे वेळा. वरचा ४५ अंशांचा हिशोब आठवा! रात्री पाठ धरली ती दोन दिवस. त्यामुळे पाठवाल्यांनो, पंप मित्राला द्या आणि फळी दोघांनी उचला. लाज वाटू देऊ नका. खरा धोका बऱ्याचदा खेळात नसतो, खेळाच्या आधीच्या आणि नंतरच्या हमालीत असतो.

खरं ते सांगतो

फळीने माझी चकती जागेवर गेली असं मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात सहा आठवडे हा सराव केलेल्यांच्या धडाच्या स्नायूंची टिकाव धरण्याची ताकद वाढली, पण ती माणसं पाठीचे पेशंट नव्हती. आणि या खेळात दुखापती होतात त्यात खांद्याच्या खालोखाल कंबरेचाच नंबर लागतो. कळ पायात उतरत असेल तर आधी डॉक्टर, मग दादा. पाऊल उचलता येईना, लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर एक तासही न थांबता हॉस्पिटल. त्यात हिरोगिरी नाही.

पण रिटायर होणं हेही औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाची शिफारस आहे, आणि कमरेचा पट्टा नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये असं म्हटलंय. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. म्हणजे आपण काही एकटे आजोबा नाही! प्रत्येकाला खाडी मिळणार नाही. चालणं आणि सतरंजी मात्र सगळ्यांना मिळते.

आईला फळीवरचा फोटो पाठवला. आधी दोन मिनिटं शांतता, मग फोन. "पडलास का?" "चार वेळा." "दुखलं?" "नाही." त्यानंतर तीन वाक्यांची दोन झाली. 'धावू नकोस' गळलं.

या सेमला तोच गिअरबॉक्स पुन्हा हलवायचा होता. मी गुडघ्यात वाकलो, पाठ सरळ ठेवली आणि थांबलो. मामा काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिले.