न्यूरोपिक्सेल्स : सुईच्या पोटातला कारखाना

चेतापेशीचा एक स्पंद जेमतेम मिलिसेकंदभर टिकतो. पेशीबाहेरून मोजला तर त्याचा विद्युतदाब फार तर व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. डेव्हिड ह्यूबेल यांनी तो टिपण्यासाठी टंगस्टनच्या तारेला सूक्ष्म टोक काढले, वर रोधक लेप दिला आणि 1957 साली ही कृती प्रसिद्ध केली. पुढे नोबेलपर्यंत पोचलेल्या त्यांच्या संशोधनामागे हीच सुई होती. पण एका सुईला एका वेळी एखाददुसरीच पेशी ऐकू येई.

सुया किंवा सुईवरचे टिपणबिंदू वाढवले की तारा वाढतात, खरी अडचण तिथेच. प्रत्येक टिपणबिंदूला स्वतंत्र तार दिली तर सुई जाड होते, आणि जाड सुई ज्या पेशी ऐकायच्या त्यांनाच चिरडते.

बेल्जियममधल्या आयमेक या चिपसंस्थेने अमेरिकेतली जानेलिया संशोधनसंस्था आणि इतर प्रयोगशाळांसोबत घडवलेल्या आणि 2017 मध्ये जाहीर झालेल्या न्यूरोपिक्सेल्सने हा पेच सोडवला. सुई 10 मिलिमीटर लांब आणि 70 मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाएवढी. तिच्यावर 960 बिंदू, प्रत्येकाखाली एक स्विच. मात्र एका वेळी सगळे 960 नव्हे, त्यांतले 384च ऐकता येतात. संकेत मोठा करणे, गाळणे, त्याचे आकड्यांत रूपांतर करणे, हे सगळे सुईच्या बुडाशी त्याच चिपवर उरकते. माझ्या मते सुईच्या बारीकपणापेक्षा मोठी करामत ही आहे.

मग तासाला सुमारे 80 जीबी माहिती साचते. कोणता स्पंद कोणत्या पेशीचा, हे किलोसॉर्टसारखी सॉफ्टवेअर ठरवतात. त्यात मेंदू सुईभोवती हलत राहतो. 2021 च्या दुसऱ्या आवृत्तीत बिंदू आणखी दाट बसवले ते मुख्यतः हे सरकणे गणिताने दुरुस्त करता यावे म्हणून.

2019 साली याच सुयांनी टिपलेल्या, उंदरांच्या मेंदूतल्या 42 भागांतल्या सुमारे 30,000 पेशींच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. उंदीर चित्र पाहून चाक फिरवत. हालचाल सुरू होताना जवळपास सर्व भागांतल्या पेशी जाग्या होत. कोणत्या बाजूला फिरवायचे, याचे संकेत मात्र मोजक्याच भागांत सापडले. एकेका पेशीमागे लागून हे चित्र हाती येणे अवघडच होते.

ही सुई शस्त्रक्रियेदरम्यान माणसाच्या मेंदूत उतरवून केलेल्या नोंदी 2022 मध्ये प्रसिद्ध झाल्या. बारीक सुया तिथे मोडू लागल्या, म्हणून मुद्दाम जाड आवृत्ती वापरावी लागली.