सातारा दरबाराचे परराष्ट्र धोरण

छत्रपती शाहूच्या कारकीर्दीत (१७०८–४९) सातारा येथील मराठी राजसत्तेने मोगल पातशाही, निजाम, करवीरचे राज्य, जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज ह्यांच्याशी ठेवलेले संबंध व त्यांमागील राजकीय विचार. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेतील सत्तासमतोल झपाट्याने बदलत होता. मोगल सत्ता क्षीण होत होती, पण तिची मान्यता अद्यापि मोलाची होती. मराठ्यांची सत्ता वाढत होती, पण ती आतून दुभंगलेली होती. अशा स्थितीत उत्तरेकडे विस्तार करावयाचा की दक्षिणेत पाया पक्का करावयाचा, आणि जुनी पातशाही मोडावयाची की तिच्याच नावाने वाढावयाचे, हे दोन प्रश्न सातारा दरबारापुढे होते. त्यांना दिलेल्या उत्तरांचे परिणाम साताऱ्याच्या व आजच्या सांगली जिल्ह्याच्या इतिहासावर दीर्घकाळ झाले.

पार्श्वभूमी : औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगर येथे मृत्यू पावला. त्यानंतर त्याचा पुत्र आझमशाह ह्याने शाहूची कैदेतून मुक्तता केली. मराठ्यांत दुही माजावी आणि दक्षिणेत मोगलांना उसंत मिळावी, हा ह्या सुटकेमागील हेतू होता. तो काही अंशी सफल झाला. राजारामाची विधवा पत्नी ताराबाई हिने शाहूचा हक्क नाकारला. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेड येथे झालेल्या लढाईत शाहूची सरशी झाली. धनाजी जाधव त्याला येऊन मिळाला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूचा राज्याभिषेक झाला. ताराबाईने पन्हाळा–कोल्हापूर भागात स्वतंत्र गादी राखली. १७१४ मध्ये तेथे सत्तांतर होऊन राजारामाचा दुसरा पुत्र संभाजी गादीवर आला, तथापि दोन गाद्यांमधील तंटा मिटला नाही. मोगल बादशाह बहादुरशाह ह्याने कोणाही एका पक्षाला निर्णायक मान्यता दिली नाही. एकाच घराण्याचे दोन दावेदार असल्यामुळे प्रत्येक परकीय सत्तेला मराठ्यांविरुद्ध वापरण्यास एक साधन मिळाले. ते काढून घेणे हे सातारा दरबाराचे पहिले कार्य ठरले.

ह्या कामी बाळाजी विश्वनाथ भट (पेशवा, १७१३–२०) ह्याचे साहाय्य महत्त्वाचे होते. ताराबाईच्या पक्षाला असलेल्या कान्होजी आंग्रे ह्याला त्याने वाटाघाटींनी शाहूच्या बाजूस वळविले. त्यामुळे कोकणकिनारा व आरमार साताऱ्याच्या छत्राखाली आले.

सनदांचे राजकारण : दिल्लीत बादशाह फर्रुखसियर व सय्यद बंधू ह्यांच्यात वितुष्ट आले, तेव्हा दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेन अली ह्याला मराठ्यांच्या लष्करी मदतीची गरज भासली. १७१८ मध्ये त्याने शाहूशी करार केला. पुढील वर्षी बाळाजी विश्वनाथ मराठी फौजेसह दिल्लीस गेला. फर्रुखसियर पदच्युत झाल्यावर स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी ह्यांच्या सनदा मराठ्यांना मिळाल्या (१७१९) आणि शाहूची माता येसूबाई हिची सुटका झाली. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर व हैदराबाद ह्या सहा सुभ्यांच्या महसुलाचा चौथा हिस्सा (चौथाई) आणि त्याशिवाय एक दशांश हिस्सा (सरदेशमुखी) वसूल करण्याचा अधिकार ह्या सनदांनी मान्य झाला. मोबदल्यात १५,००० घोडदळ पातशाहीच्या चाकरीस ठेवणे, दरसाल दहा लाख रुपये पेशकश देणे, मुलखात बंदोबस्त राखणे आणि करवीरच्या संभाजीस उपद्रव न देणे ही बंधने शाहूने पत्करली.

ह्या व्यवस्थेवर दोन्ही बाजूंनी मतभेद आहेत. शिवाजी महाराजांनी स्थापिलेल्या सार्वभौम राज्याच्या छत्रपतीने पातशाहीचे नाममात्र स्वामित्व मानावे, हा ध्येयाचा संकोच होय, असे काही अभ्यासक मानतात. उलट, दुर्बल झालेल्या सत्तेच्या कायदेशीर नावाखाली तिचाच महसूल हस्तगत करण्याचा हा व्यवहार्य मार्ग होता, असे इतरांचे मत आहे. एवढे निश्चित, की सनदांमुळे मराठी फौजांची वसुली लूट न राहता हक्क ठरली आणि तो हक्क बजावण्यासाठी सरदारांना निरनिराळे प्रदेश वाटून देण्याची पद्धत दृढ झाली. ह्या पद्धतीतच पुढील विस्ताराचे व पुढील विघटनाचेही मूळ होते.

उत्तर की दक्षिण : बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये मृत्यू पावला आणि त्याचा पुत्र पहिला बाजीराव पेशवेपदी आला. त्याच्या व श्रीपतराव प्रतिनिधी ह्याच्या धोरणांतील विरोध दरबारात लवकरच प्रकट झाला. कोकण व कर्नाटक येथील सत्ता आधी स्थिर करावी, सिद्दी व करवीर ह्यांचे प्रश्न सोडवावेत आणि निजामासारख्या प्रबळ शेजाऱ्याशी तूर्त सलोखा राखावा, असा प्रतिनिधीचा आग्रह होता. मोगल सत्तेचे मूळच खिळखिळे झाले असून माळवा व गुजरात ह्यांकडे मोहरा वळविल्यास दक्षिणेतील प्रश्न आपोआप सौम्य होतील, असे बाजीरावाचे म्हणणे होते. ह्या वादातील म्हणून प्रसिद्ध असलेली भाषणे उत्तरकालीन बखरींतून आली असल्याने ती शब्दशः ग्राह्य धरता येत नाहीत. धोरणांतील भेद मात्र दोघांच्या प्रत्यक्ष मोहिमांवरून स्पष्ट होतो.

ह्या निवडीस आर्थिक बाजूही होती. दीर्घ युद्धाने दक्षिणेचा मुलूख उजाड झाला होता. मोठी फौज पोसण्यास नव्या प्रदेशाचे उत्पन्न आवश्यक होते आणि मोहिमांसाठी बाजीरावाला सतत कर्ज काढावे लागे. साताऱ्यानजीक धावडशी येथे राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्याच्या सावकारांपैकी एक होते. शाहूने बाजीरावाच्या विस्तारवादास अनुमती दिली, परंतु प्रतिनिधीचा पक्षही मोडला नाही. १७२५–२७ मधील कर्नाटकाच्या स्वाऱ्या आणि १७३३ मध्ये सुरू झालेली जंजिऱ्याची मोहीम ह्यांवरून दक्षिणेचा विचार दरबाराने सोडला नव्हता, हे दिसते. प्रतिनिधीने १७३३ मध्ये रायगड परत मिळविला.

निजाम व वारणेचा तह : निजामुल्मुल्क हा १७२४ नंतर दक्षिणेत वस्तुतः स्वतंत्र झाला. शाहू व संभाजी ह्यांपैकी खरा वारस कोण, हे ठरेपर्यंत चौथाई देता येत नाही, अशी भूमिका त्याने घेतली आणि संभाजीला हाताशी धरले. मराठ्यांच्या भाऊबंदकीचा एवढा उघड राजकीय उपयोग पूर्वी कोणी केला नव्हता. बाजीरावाने वेगवान हालचालींनी निजामाला पालखेड येथे कोंडीत पकडले (फेब्रुवारी १७२८). मुंगी–शेवगावच्या तहाने (मार्च १७२८) निजामाने शाहूचे चौथाई–सरदेशमुखीचे हक्क मान्य केले व संभाजीचा पक्ष सोडला. निजामाची सत्ता समूळ नष्ट करण्याचा प्रयत्न मात्र मराठ्यांनी केला नाही.

परकीय आधार तुटल्यावर करवीरचा प्रश्न सुटण्याजोगा झाला. १७३० मध्ये वारणेच्या परिसरात प्रतिनिधीने संभाजीच्या सैन्याचा पराभव केला आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. त्यानुसार वारणा व कृष्णा ह्या नद्यांच्या दक्षिणेस तुंगभद्रेपर्यंतचा प्रदेश संभाजीकडे राहिला. मिरज, तासगाव व अथणी ही ठाणी शाहूकडे आली. कोपळच्या बदल्यात रत्नागिरी संभाजीस मिळाली आणि तुंगभद्रेपलीकडील नव्या मुलखाची निमेनिम वाटणी ठरली. एकाच्या चाकराला दुसऱ्याने आश्रय देऊ नये आणि एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू मानावा, ही कलमे परराष्ट्र संबंधांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होत. पराभूत चुलतभावाचे राज्य खालसा न करता शाहूने त्याला सन्मानाने सीमा आखून दिली. त्यामुळे तिसऱ्या सत्तेला हस्तक्षेपाचे निमित्त उरले नाही आणि सातारा दरबाराला उत्तरेकडे निर्धास्तपणे लक्ष देता आले. वारणा नदी आजही काही अंतरापर्यंत सांगली व कोल्हापूर ह्या जिल्ह्यांची सीमा आहे.

पश्चिम किनारा व इंग्रज : १७३९ हे वर्ष मराठी सत्तेच्या उत्कर्षाचे निदर्शक आहे. चिमाजी आप्पाने पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्याच वर्षी नादिरशाहाच्या स्वारीने दिल्लीची प्रतिष्ठा लयास गेली. वसईच्या पाडावाने चिंतित झालेल्या मुंबईकर इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्ड ह्याला चिमाजी आप्पाकडे, तर कॅप्टन गॉर्डन ह्याला शाहूकडे धाडले. शाहू तेव्हा मिरजेच्या मोहिमेत गुंतला होता. तहाने मिरजेवरील हक्क मिळाला, तरी तेथील किल्ला मोगलांच्या ताब्यात होता. तो १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. इंग्रजांनी एकाच वेळी दोन ठिकाणी वकील पाठवावे, ह्यावरून निर्णयाचे केंद्र साताऱ्यात की पेशव्याच्या छावणीत, ह्याविषयी परकीयांस पडलेला संभ्रम दिसून येतो.

मर्यादा : शाहूने सरदारांमधील स्पर्धा मध्यस्थीने आवरली. बंगालच्या चौथाईवरून रघूजी भोसले व पेशवा बाळाजी बाजीराव ह्यांच्यात आलेले वितुष्ट १७४३ मध्ये त्याने क्षेत्रविभागणी करून मिटविले. तथापि प्रत्येक सरदार आपापल्या क्षेत्रात स्वतंत्रपणे युद्ध व तह करू लागला होता. रघूजीने १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद करून साताऱ्यास आणले, पण १७४३ मध्ये ते ठाणे निजामाने घेतले. उत्तरेत फौजा गुंतल्या असताना दूरच्या दक्षिणेत पकड राखणे कठीण आहे, ही प्रतिनिधीच्या पक्षाची शंका निराधार नव्हती.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू निपुत्रिक मृत्यू पावला. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर राज्यकारभाराची सूत्रे पुण्यास गेली आणि सातारा हे वस्त्रे देण्याचे स्थान तेवढे उरले. दूरच्या विस्ताराचे धोरण साताऱ्याने मान्य केले, पण त्यातून निर्माण झालेले सामर्थ्य ते राबविणाऱ्यांच्या हाती राहिले. अंतर्गत तंट्यात परकीयांस जागा न देण्याचे वारणेचे सूत्रही पुढे सुटले. १७५६ मध्ये पेशव्याने इंग्रजांच्या मदतीने आंग्र्यांचे आरमार नष्ट केले, ते ह्याचे ठळक उदाहरण होय.

उत्तरपरिणाम : हैदर अलीच्या उदयानंतर दक्षिणेचा प्रश्न पुन्हा तीव्र झाला. तेव्हा पहिल्या माधवराव पेशव्याने मिरज केंद्र धरून कृष्णा व तुंगभद्रा ह्यांमधील मुलूख पटवर्धन सरदारांकडे लष्करी सरंजाम म्हणून सोपविला (सु. १७६४). पुढे चिंतामणराव पटवर्धन ह्याने मिरजेपासून विभक्त होऊन सांगली येथे राजधानी केली. १८१९ मध्ये सांगलीने इंग्रजांशी तह केला. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी प्रतापसिंहाशी झालेल्या तहाने साताऱ्याचे राज्य पुनःस्थापित झाले. त्याची दक्षिण सीमा पुन्हा वारणाच ठरली, पण रेसिडेंटाच्या अनुमतीवाचून परराज्यांशी पत्रव्यवहार करण्याची राजास मनाई होती. हेच कलम मोडल्याचा, विशेषतः गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा, आरोप ठेवून १८३९ मध्ये प्रतापसिंहास पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. रंगो बापूजी ह्याने लंडनमध्ये मांडलेली त्याची कैफियत निष्फळ ठरली आणि १८४८ मध्ये राज्य खालसा झाले. ज्या दरबाराकडे एक शतकापूर्वी इंग्रजांनी आपला वकील पाठविला होता, त्याच दरबाराच्या राजास परराज्याशी पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून गादी सोडावी लागली.