ठोकळ्यावरून रस्ता ओळखता येतो का? डांबरी मिश्रणाच्या चाचण्या आणि अनुमानाची मर्यादा

अनुमान म्हणजे काय, ते कधी टिकतं आणि कधी फसतं, याचा विचार आपण न्यायदर्शनाच्या आधारे करत आहोत. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, हे उदाहरण ऐकून ऐकून गुळगुळीत झालं आहे. आज आपण पायाखालचं उदाहरण घेऊ, डांबरी रस्त्याचं. तत्त्वज्ञानवाल्यांनी डांबरात हात कशाला घालायचा, असं कुणी विचारेल. पण प्रयोगशाळेत एक ठोकळा दाबून बघायचा आणि त्यावरून हजारो गाड्यांखाली रस्ता कसा वागेल हे सांगायचं, हे शुद्ध अनुमान आहे. ते फसलं की पहिल्या पावसातच दुचाकीवरचा माणूस खड्ड्यात आपटतो. न्यायशास्त्रातली चूक इतकी महागात पडलेली क्वचितच दिसते.

आधी मिश्रण म्हणजे काय ते पाहू. डांबरी रस्त्याच्या वरच्या थरात वजनाने साधारण ९५ टक्के दगड असतो: वेगवेगळ्या आकाराची खडी, कच आणि अगदी बारीक भुकटी. पुण्यात हा दगड म्हणजे आपला दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट. उरलेलं पाचेक टक्के डांबर. ज्याला आपण सवयीने डांबर म्हणतो ते खरं तर बिटुमेन, म्हणजे कच्चं तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा पदार्थ. तिसरा घटक आपल्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे हवा. तयार मिश्रणात आकारमानाने ३ ते ५ टक्के पोकळी ठेवतात. पोकळी फार कमी झाली, तर उन्हात फुगणाऱ्या डांबराला जागा उरत नाही, ते वर येतं आणि थर सरकतो. फार जास्त झाली, तर पाणी आत शिरतं. रस्त्याचं आयुष्य बऱ्याच अंशी या दोन-चार टक्के हवेवर ठरतं.

आता हा रस्ता मरतो कसा? मुख्यतः तीन प्रकारांनी. पहिला, उन्हाळ्यात डांबर मऊ पडून चाकांच्या वाटेवर थर दबतो. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, चाकोरी. दुसरा, लाखो वेळा वाकून वाकून थर थकतो आणि त्याला भेगा पडतात. तिसरा, पाणी खडीवरचं डांबर सोडवतं. मग खडी सुटते आणि खड्डा होतो. पुण्याच्या पावसाळ्यात आपल्याला दिसतो तो बहुधा या तिसऱ्या प्रकाराचा शेवट.

प्रत्येक मरणासाठी प्रयोगशाळेत वेगळी चाचणी आहे. सगळ्यांत प्रसिद्ध मार्शल चाचणी. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याच्या महामार्ग खात्यातल्या ब्रूस मार्शल यांनी ती १९३० च्या दशकाच्या अखेरीस मांडली आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्ट्यांसाठी अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी ती पुढे नेली. सुमारे १०२ मिलिमीटर व्यासाचा आणि ६३.५ मिलिमीटर उंचीचा गोल ठोकळा करतात. साडेचार किलोच्या हातोड्याचे दोन्ही बाजूंना ७५-७५ ठोके देतात. मग ठोकळा ६० अंशांच्या पाण्यात ठेवून दोन अर्धगोल जबड्यांमध्ये दाबतात. किती भाराला तो हार मानतो आणि तोवर किती दबतो, हे दोन आकडे मिळतात. आपल्याकडच्या निकषांनुसार वरच्या थराच्या नेहमीच्या मिश्रणाने किमान ९ किलोन्यूटन भार सोसला पाहिजे आणि तो २ ते ४ मिलिमीटर दबला पाहिजे. ६० अंशच का? कारण कडक उन्हात काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग तितका तापू शकतो.

पण बघा, रस्त्यावरचं चाक ठोकळ्याला दोन जबड्यांत धरून एकदाच चिरडत नाही. ते येतं, जातं, पुन्हा येतं. म्हणून चाकाची चाचणी आली. हॅम्बुर्ग पद्धतीच्या यंत्रात पोलादी चाक गरम पाण्यातल्या नमुन्यावरून २०,००० वेळा फिरवतात आणि चाकोरी किती खोल पडली ते मोजतात. भेगांसाठी मिश्रणाची तुळई करून ती वारंवार वाकवतात. पाण्यासाठी नमुन्यांचे दोन गट करतात. एक कोरडा ठेवतात, दुसऱ्यात पाणी भरून तो गरम पाण्यात ठेवतात. मग दोन्ही फोडतात. भिजलेल्या गटाची ताकद कोरड्याच्या किमान ८० टक्के उरली पाहिजे.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. आता नैयायिकांचा प्रश्न विचारू. ठोकळ्यावरचा आकडा हा हेतू, म्हणजे धूर. टिकाऊ रस्ता हे साध्य, म्हणजे आग. दोघांमधली व्याप्ती कुठून आणली? उत्तर असं की ती प्रयोगशाळेत सापडत नाही, रस्त्यावरूनच आणावी लागते. तुळईच्या चाचणीचंच घ्या. प्रयोगशाळेत तुळई जितक्या फेऱ्यांनंतर थकते, त्याहून रस्ता बराच जास्त टिकतो. कारण रस्त्यावर दोन गाड्यांमध्ये उसंत मिळते, डांबर थोडं सांधतं आणि प्रत्येक चाक नेमक्या त्याच जागी पडत नाही. म्हणून प्रयोगशाळेतल्या आकड्याला गुणक लावावा लागतो, आणि तो प्रत्यक्ष रस्त्यांची वर्षानुवर्षं पाहणी करूनच ठरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१८ च्या संकल्पन-नियमांतली भेगांची आणि चाकोरीची समीकरणं अशीच भारतीय रस्त्यांवरच्या निरीक्षणांशी जुळवलेली आहेत. त्यांत 'रस्ता संपला' याचीही व्याख्या आहे: २० टक्के क्षेत्रावर भेगा, किंवा २० मिलिमीटर खोल चाकोरी. शहरी रस्त्यांसाठी विश्वासार्हता ९० टक्के धरतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तसे अनेक रस्ते बांधले तर दहातला एखादा मुदतीआधी जाईल, हे गृहीत धरूनच गणित मांडलेलं असतं. विधान रस्त्यांच्या जातीबद्दल आहे. तुमच्या घरासमोरच्या एका रस्त्याबद्दल ते काहीही वचन देत नाही.

पुढचा प्रश्न उपाधीचा. जिथे आग तिथे धूर, हे अनुमान का फसतं? कारण धुरासाठी ओलं लाकूड लागतं, आणि ती अट आपण मनातल्या मनात धरून चाललेलो असतो. न बोललेली अट म्हणजे उपाधी. डांबरी रस्त्याच्या उपाधी कोणत्या? प्रयोगशाळेतला ठोकळा नीट गरम असताना नीट ठोकलेला असतो. रस्त्यावर मिश्रण प्लँटमधून दीडशेच्या आसपास अंशांना निघतं, ट्रॅफिकमध्ये अडकतं, थंड होतं. नेहमीच्या डांबराचं मिश्रण ९० अंशांखाली जाण्याआधी रोलिंग संपायला हवं. नाही संपलं, तर तेच मिश्रण, तीच खडी, तेच डांबर असूनही पोकळी चारऐवजी दहा टक्के राहते आणि पाण्याला दार उघडतं. प्रमाणपत्र खोटं नसतं. ते दुसऱ्याच वस्तूबद्दल असतं.

ही अडचण फक्त आपलीच आहे असं मात्र नाही. अमेरिकेत १९८७ ते १९९३ या काळात डांबरी मिश्रणांवर फार मोठं संशोधन झालं आणि मिश्रण ठरवण्याची नवी पद्धत आली. पुढे नेवाडात वेस्टट्रॅक नावाचा चाचणीमार्ग बांधून त्यावर चालकाविना ट्रक फिरवले. तिथे जाड खडीची काही मिश्रणं, जी चांगली टिकतील अशी अपेक्षा होती, ती लवकर दबली आणि चाकोऱ्या पडल्या. पोकळीची आणि प्रमाणांची गणितं जुळली होती, पण ताकदीची वेगळी परीक्षा झाली नव्हती. त्यानंतर अशा परीक्षेचा आग्रह वाढला. म्हणजे व्याप्ती तुटलेली दिसली तेव्हा ती सुधारली. शास्त्र याहून वेगळं काही करत नाही.

आता पुण्याकडे येऊ. जंगली महाराज रस्त्याचं नाव इथे कुणीतरी काढणारच. १९७६ साली रेकॉन्डो या कंपनीने तो बांधला, दहा वर्षांची हमी दिली, आणि पुढे कित्येक दशकं तो खड्ड्यांविना राहिल्याची ख्याती आहे. यावरून 'तसंच करा, सगळे रस्ते टिकतील' असं आपण म्हणतो. पण एका उदाहरणावरून व्याप्ती बांधता येत नाही. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लागतात: कारण आहे तिथे कार्य आहे, आणि कारण काढलं की कार्यही जातं. टिकण्याचं श्रेय मिश्रणाला द्यायचं, की खालच्या पायाला, पाण्याच्या निचऱ्याला, अवजड ट्रकांच्या तुरळक वाहतुकीला, की कमी खोदकामाला? एकच रस्ता पाहून या गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

तरीही त्या रस्त्याकडून एक गोष्ट निश्चित शिकता येते, आणि ती हमीत आहे. प्रयोगशाळेचा आकडा सांगतो की अमुक होईल. हमी सांगते की अमुक झालं नाही तर मी भरून देईन. हमी देणाऱ्याला सगळ्या उपाधी आपल्याच मानाव्या लागतात: तापमान, रोलिंग, निचरा, सगळं. आजच्या निविदांमध्येही दोषदायित्वाचा कालावधी असतो. पण मध्येच जलवाहिनी किंवा केबलसाठी रस्ता खोदला, चर कसाबसा बुजवला, की दोष कुणाचा हे ठरवता येत नाही आणि दायित्व विरून जातं. खोदकामाचा अंदाज कोणतीही चाचणी देत नाही. ते अनुमान बांधायचं असेल, तर ते महापालिकेच्या वेळापत्रकावरून बांधावं लागेल.

मग नागरिक म्हणून आपण काय विचारायचं? 'चाचणी झाली का?' एवढ्यावर थांबू नये. नमुना प्लँटवरचा होता, की तयार रस्ता कापून काढलेला? त्यात पोकळी किती निघाली? भिजवून फोडल्यावर ताकद किती उरली? आणि हमीच्या काळात खोदकामाला परवानगी कोण देणार, चर कोण आणि कसा बुजवणार? हे चार प्रश्न विचारायला अभियंता असावं लागत नाही. धूर आणि आग यांच्यामधली न बोललेली अट कोणती, एवढं विचारायची सवय पुरते.

पुढच्या व्याख्यानात चार्वाकांचा आक्षेप घेऊ: आजवर असं झालं म्हणून उद्याही तसंच होईल, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आता आपले प्रश्न येऊ द्या.