माहोच्या वाळूवरून विमाने

कॅरिबियन समुद्रात सेंट मार्टिन नावाचे जेमतेम 87 चौरस किलोमीटरचे बेट आहे. एवढ्याशा जमिनीचेही दोन वाटेकरी आहेत. उत्तरेचा भाग फ्रान्सचा, दक्षिणेचा नेदरलँड्सच्या राज्यातला. 1648 च्या तहात झालेली ही वाटणी आजही टिकून आहे. दक्षिण भागात प्रिन्सेस जुलियाना विमानतळ आहे आणि त्याच्या पश्चिम टोकाला माहो नावाचा छोटासा किनारा. समुद्र, वाळूची चिंचोळी पट्टी, रस्ता, जाळीचे कुंपण आणि कुंपणापलीकडे लगेच धावपट्टी. उतरणारे प्रत्येक विमान वाळूवर उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावरून काही मीटर उंचीने जाते. जगभरातले विमानवेडे कॅमेरे घेऊन इथे येतात ते त्यासाठी.

माहोचे व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलेले असतात. ते पाहून वाटते की इथे कॅमेरा वर धरला की फोटो मिळालाच. तसे फोटो मिळतातही, पण ते सगळे एकसारखे असतात: विमानाचे पोट, हात वर केलेली गर्दी, निळे पाणी. वारा, ऊन आणि वेळापत्रक यांचा अभ्यास करून, गर्दीतून बाजूला होऊन उभा राहणारा स्पॉटर याच जागी वेगळेच काही टिपतो. विमान पाहणे हा छंद आधी जाणण्याचा आहे आणि मग टिपण्याचा, हे माहोइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

विमान इतके खाली का येते?

दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, इथे लष्करी धावपट्टी बांधली गेली. नेदरलँड्सच्या युवराज्ञी जुलियाना 1944 मध्ये इथे उतरल्या. पुढे 1948 मध्ये त्या राणी झाल्या, पण विमानतळाच्या नावात त्या अजून राजकन्याच आहेत.

धावपट्टी सुमारे 2300 मीटर लांबीची आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, यावरून अंदाज यावा. ती वाढवायला जागा नाही. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला सिम्प्सन बे हे खाजण, पूर्वेला डोंगर. त्यामुळे पट्टीचा एकेक मीटर मोलाचा, आणि वैमानिकाला सुरुवातीच्या टप्प्यातच चाके टेकवावी लागतात.

विमाने साधारणपणे तीन अंशांच्या उताराने खाली येतात. म्हणजे दर शंभर मीटर अंतराला सव्वापाच मीटर उतरतात. पट्टीच्या सुरुवातीपासून तीनशे मीटर आत चाके टेकणार असतील, तर सुरुवातीच्या रेषेवर विमान पंधरा-सोळा मीटर उंचीवर असते. किनारा या रेषेच्या जरासाच अलीकडे. माहोवर वैमानिक कसलेही धाडस करत नसतो. तो नेहमीच्याच उताराने येत असतो. जगातल्या इतर विमानतळांवर या उंचीखाली मोकळी, बंदिस्त जमीन असते, इथे सार्वजनिक किनारा आहे, एवढाच फरक.

दिशा ठरवतात ते व्यापारी वारे. या पट्ट्यात ते वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडून वाहतात. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरते, म्हणून ते पश्चिमेकडून, समुद्रावरून, माहोवरून येते. उड्डाणही पूर्वेकडेच होते. त्या वेळी विमानाची शेपटी किनाऱ्याकडे असते आणि पुढे डोंगर असल्याने वर गेल्यावर लगेच वळावे लागते. वारा फिरला, तर माहोचे सगळे दृश्यच उलटे होते. म्हणून जाणता स्पॉटर सकाळी उठून आधी वारा बघतो.

ऊन आपल्या कोकणातले

सेंट मार्टिन 18 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्या महाडच्या रेषेत. त्यामुळे तिथल्या उन्हाचे गणित मराठी छायाचित्रकाराला नवे नाही. मे आणि जुलैमध्ये सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो. युरोपहून येणारी मोठी विमाने बहुधा दुपारी उतरतात. विमान पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. हिवाळ्यातल्या दुपारी किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला उभे राहिले, तर सूर्य पाठीशी राहतो आणि विमानाची पूर्ण बाजू उजळून निघते: खिडक्या, रंगसंगती, शेपटीवरचे चिन्ह, नोंदणी क्रमांक. किनाऱ्याच्या मधोमध उभे राहणाऱ्याला फक्त सावलीतले पोट मिळते.

त्या पोटाचीही एक गंमत आहे. पांढरी वाळू आणि उथळ, हिरवट-निळे पाणी उन्हाचा प्रकाश वर फेकतात. विमान किनाऱ्याजवळ आले की त्याच्या पांढऱ्या पोटावर पाण्याचा तो रंग चढतो आणि क्षणात उतरतो. दुसऱ्या विमानतळाच्या फोटोंत हा रंग सहसा दिसत नाही.

एक मोठे विमान उतरताना नीट पाहावे. आधी क्षितिजावर दिव्यांचा पुंजका दिसतो. विमान आपल्याकडे सरळ येत असल्याने ते जागीच थांबल्यासारखे वाटते. मग पंख दिसतात, चाके दिसतात आणि शेवटच्या काही सेकंदांत ते भराभर मोठे होते. बोइंग 747-400 हे विमान सत्तर मीटर लांब आणि उतरतानाचा त्याचा वेगही सेकंदाला सत्तर मीटरच्या पुढे. म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतचे अख्खे विमान डोक्यावरून जायला एक सेकंद पुरतो. इंजिनांचा आवाज छातीत घुमतो, जळालेल्या इंधनाचा वास येतो, पलीकडे टायर टेकल्याचा धूर उठतो. पंखांच्या टोकांपासून सुटलेले हवेचे भोवरे त्यानंतर वाळूपर्यंत पोचतात आणि विमान गेल्यावर टोप्या उडतात.

एका सेकंदात फोकस शोधणे, चौकट ठरवणे आणि बटण दाबणे जमत नाही. विमान दूर असतानाच कॅमेरा त्याच्यावर रोखून, कमरेतून वळत, त्याच्याबरोबर फिरत राहावे लागते. जेट विमानासाठी शटरचा वेग 1/1000 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवतात. पांढरे विमान आणि लख्ख आकाश यांना कॅमेरा हमखास फसतो आणि चित्र काळवंडते, म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवावे लागते. भर दुपारी तापलेल्या डांबरावरून उठणारी गरम हवा लांबची चित्रे थरथरवते. तिच्यावर कितीही महाग लेन्सचा इलाज चालत नाही. जवळचे विमान टिपणे हाच उपाय, आणि ती सोय माहोवर आहे.

छोट्या विमानांची थोरवी

बहुतेक पर्यटक मोठ्या विमानांची वाट बघतात. मला मात्र या विमानतळाचा जीव विनएअरच्या छोट्या ट्विन ऑटरमध्ये दिसतो. 1961 मध्ये स्थापन झालेली ही स्थानिक कंपनी आसपासच्या बेटांना जोडते. एकोणीस प्रवाशांचे, दोन पंख्यांचे हे विमान म्हणजे तिथली एस.टी.च. शेजारच्या साबा बेटाची धावपट्टी फक्त 400 मीटर लांबीची आहे. नियमित प्रवासी वाहतूक असलेली जगातली सर्वांत आखूड धावपट्टी म्हणून ती ओळखली जाते. दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. रेमी दे हाएनन या वैमानिकाने 1959 मध्ये तिथे पहिल्यांदा विमान उतरवले, तेव्हा धावपट्टी बांधलेलीसुद्धा नव्हती. सेंट बार्ट्सची पट्टी 650 मीटरची. तिथे डोंगराच्या खिंडीवरून विमान झपकन खाली आणावे लागते.

ट्विन ऑटर टिपण्यात खरे कसब लागते. त्याचे पंखे मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे घेतात. शटर 1/2000 ठेवले, तर तेवढ्या वेळात पाते जेमतेम सहा अंश फिरते. चित्रात पंखे थिजलेले दिसतात, जणू इंजिन हवेतच बंद पडले आहे. शटर 1/125 वर आणले की पाते नव्वद अंशांहून जास्त फिरते आणि पंख्याची सुरेख चकती उमटते. पण इतक्या संथ शटरला हात किंचित हलला तरी सगळे विमान पुसट होते. असा एक स्वच्छ फोटो साधायला पुष्कळ फोटो वाया घालवावे लागतात.

कुंपणाला लटकणारे

माहोवर दुसराही एक खेळ चालतो. मोठे विमान उड्डाणासाठी धावपट्टीच्या टोकाला येते, शेपटी किनाऱ्याकडे करते, आणि लोक जाळीला घट्ट पकडून इंजिनांचा झोत अंगावर घेतात. उड्डाणाच्या जोरावर असलेल्या जेटमागे हवेचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. वाळू, खडे, माणसे, काहीही उडते. जिवाला धोका असल्याचे फलक तिथे ठळकपणे लावलेले आहेत. तरीही जुलै 2017 मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या एका महिलेचा हा झोत लागून मृत्यू झाला.

जाळीला लटकणाऱ्याला त्या क्षणी काहीच दिसत नाही. डोळे मिटलेले, तोंड फिरवलेले, नाकातोंडात वाळू. ज्याला विमान बघायचे आहे त्याला तिथे उभे राहण्याचे काही कारणच नाही. तेच उड्डाण बाजूने पाहिले, तर तापलेल्या हवेच्या थरथरीतून वर उठणारे विमान आणि मागचे हिरवे डोंगर एका चौकटीत येतात.

नोंदवहीचे मोल

विमान आकाशात असताना आपली जागा दर सेकंदाला साधारण दोनदा रेडिओवरून प्रसारित करते. फ्लाइटरडार24 सारखी ॲप हेच संदेश वाचून कोणते विमान कुठे आहे ते दाखवतात. पण सराईत स्पॉटर आजही वही ठेवतो: तारीख, वेळ, प्रकार, नोंदणी क्रमांक. पीएच म्हणजे नेदरलँड्स, एफ म्हणजे फ्रान्स, एन म्हणजे अमेरिका, पीजे म्हणजे डच कॅरिबियन, व्हीटी म्हणजे आपला भारत.

या वह्यांचे मोल नंतर कळते. केएलएम या डच विमान कंपनीचे 747 माहोवर शेवटचे ऑक्टोबर 2016 मध्ये उतरले. त्यानंतर 6 सप्टेंबर 2017 रोजी इर्मा चक्रीवादळ ताशी 295 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह बेटावर आले. टर्मिनलची दुर्दशा झाली. विमानांच्या वेळा फळीवर लिहून ठेवणारा, दक्षिण टोकाचा प्रसिद्ध सनसेट बार उद्ध्वस्त झाला. 10 ऑक्टोबरला व्यापारी उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रवासी तंबूंतून ये-जा करत होते. टर्मिनलची पुनर्बांधणी पूर्ण व्हायला 2024 उजाडले. इर्माआधीचा माहो आज पाहायचा असेल, तर छंद म्हणून काढलेल्या हजारो फोटोंतच तो शाबूत आहे.

आपल्याकडे या छंदाची वाट अवघड आहे. मुंबईचा विमानतळही तसा साष्टी बेटावरच, पण 1937 च्या विमान नियमांनुसार विमानतळावर परवानगीशिवाय छायाचित्रण करता येत नाही. पुण्याचे लोहगाव आणि गोव्याचे दाबोळी हे तर संरक्षण दलांचे तळ. युरोपातही हा छंद महागात पडू शकतो. 2001 मध्ये ग्रीसमधल्या कलामाता हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटरना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. शिक्षाही झाली आणि अटकेनंतर वर्षभराने अपिलात ते निर्दोष सुटले. म्हणून जागेचा कायदा आधी वाचावा, हा या छंदाचा पहिला धडा.

माहोला जाणे सगळ्यांना जमणार नाही, पण तिथली शिस्त कुठेही पाळता येते. वारा कुठून आहे, म्हणजे विमान कुठून येईल. सूर्य कुठे आहे, म्हणजे आपण कुठे उभे राहायचे. विमान कोणते, कुठून आले, कुठे चालले. एवढे ठाऊक असलेला माणूस घराच्या गच्चीवरूनही नुसत्या डोळ्यांनी विमान ओळखतो. कॅमेरा त्याने त्यानंतर घ्यावा.