टायच्या पट्ट्यांत दडलेलं मैदान

टाय म्हणजे ऑफिस, असं आपलं समीकरण. पण इंग्लंडमध्ये राहायला लागल्यावर मला कळलं, की टायचं निम्मं नातं मैदानाशी आहे.

१८०० च्या सुमारास जिम बेल्चर हा मुष्टियोद्धा पांढऱ्या ठिपक्यांचा निळा रुमाल गळ्यात बांधायचा. शौकिनांनी ती फॅशन उचलली आणि अशा रुमालाला ‘बेल्चर’ हेच नाव पडलं. पुढे १८८० मध्ये ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजच्या रोइंगपटूंनी म्हणे हॅटच्या रंगीत फिती काढून गळ्याला बांधल्या. क्लब टायची सुरुवात तिथून झाली, असं इथं सांगतात. मग प्रत्येक क्लबचे, शाळेचे, पलटणीचे रंग ठरले. लॉर्ड्सवर एमसीसीच्या सभासदांचा लाल-पिवळा टाय लांबूनच ओळखू येतो. त्या सभासदत्वासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात.

म्हणजे इथं पट्टे ही नुसती नक्षी नाही, ती ओळख आहे. अमेरिकेत ब्रुक्स ब्रदर्सनं पट्ट्यांची दिशाच उलटी केली. मग तो टाय कुठल्याच क्लबचा राहिला नाही, कुणीही घालावा!

नोकरीसाठी इकडे येणारी आपली मुलं विचारतात, ‘काका, मुलाखतीला कुठला टाय घालू?’ मी सांगतो, पट्ट्यांचा घातलास तर एखादा साहेब सहज विचारेल, ‘कुठल्या कॉलेजचा?’ उगाच गोंधळायला नको. साधा घाल, नाहीतर सरळ ठिपक्यांचा. त्याला सभासदत्व लागत नाही.