एकाच नावाचे दोन फोल्डर : लिनक्सवरील मॉडची अडचण आणि तिचा उपाय

विंडोजवर वर्षानुवर्षे खेळलेला ‘स्कायरिम’ लिनक्सवर आणला, की खेळ बहुधा सुरळीत सुरू होतो. बिघडतात ते मॉड. एका मॉडकर्त्याने ‘टेक्स्चर्स’ या फोल्डरचे पहिले रोमन अक्षर मोठ्या लिपीत लिहिलेले असते, दुसऱ्याने लहान. विंडोजच्या लेखी ही दोन्ही नावे एकच. लिनक्सच्या लेखी भिन्न. परिणामी मॉड उलगडताना दोन फोल्डर शेजारी शेजारी तयार होतात. वाइन व प्रोटॉन नावे जुळवून घेतात खरे, पण दोन फोल्डर समोर आल्यावर त्यांतील एकच हाती लागण्याचा संभव असतो. दुसऱ्यातील सामग्री गुपचूप गळते, आणि दोष मात्र मॉडला दिला जातो.

यावरचा मुळाशी जाणारा उपाय 2019 मध्ये लिनक्स कर्नलच्या 5.2 या आवृत्तीत आला. ‘एक्स्ट-फोर’ या फाइलव्यवस्थेला ‘केसफोल्ड’ नावाची सोय मिळाली. ती संपूर्ण डिस्कला नव्हे, तर निवडलेल्या फोल्डरपुरती लागू होते. नाव जसे लिहिले तसेच जपले जाते. फक्त शोधताना लहानमोठा भेद केला जात नाही.

प्रथम ही सोय फाइलव्यवस्थेत चालू असावी लागते. नवी डिस्क फॉरमॅट करतानाच ती मागता येते. जुन्या डिस्कवर ‘ट्यून-टू-एफएस’ या साधनाची अलीकडची आवृत्ती ती जोडते, मात्र डिस्क त्या वेळी अनमाउंट केलेली हवी. प्रणाली जिच्यावरून सुरू होते त्या विभागाला हात न लावता खेळांसाठी वेगळा विभाग ठेवणे शहाणपणाचे. स्टीम डेकच्या होम विभागात ही सोय आधीच चालू असते.

त्यानंतर ‘चॅटर’ ही आज्ञा, अधिक चिन्ह व मोठ्या लिपीतील ‘एफ’ यांसह, फोल्डरवर चालवायची. येथेच बहुतेकांची फसगत होते: फोल्डर रिकामा असावा लागतो. म्हणून जुन्या ‘डेटा’ फोल्डरचे नाव बदलून बाजूला ठेवावे, त्याच नावाचा नवा रिकामा फोल्डर करून त्याला खूण लावावी आणि मग आतील सामग्री भरावी. ती हलवू नये, नक्कल करावी. हलवलेले उपफोल्डर आपला जुना स्वभाव सोबत आणतात, नव्याने निर्माण झालेले मात्र खूण वारशाने घेतात. जुळी नावे नक्कल करताना एकमेकांवर आदळू शकतात, तेव्हा खेळ तपासून होईपर्यंत मूळ प्रत पुसू नये. खूण लागली की नाही, हे ‘एलएस-अ‍ॅटर’च्या यादीतील ‘एफ’वरून कळते.

देवनागरीत लहानमोठी अक्षरे नसली, तरी ही सोय तिलाही स्पर्श करते. ‘दऱ्या’मधील ‘ऱ’ एका संकेताने लिहिला किंवा ‘र’ अधिक नुक्ता असा लिहिला, तरी अशा फोल्डरमध्ये ते एकच नाव ठरते.

लिनस टोरवाल्ड्स यांना ही कल्पनाच अमान्य आहे. 2025 मध्ये त्यांनी तिच्यावर कठोर टीका केली. नावे तपासून सुरक्षा राखणाऱ्या प्रोग्रामांना अशी समानता चकवू शकते, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही खूण खेळाच्या फोल्डरपुरतीच ठेवावी. कामाच्या प्रकल्पांवर लावू नये.